बोर्डावर ९९ हजार, पण हातात किती धरून चालायचं?

"काकू, नमस्कार. मी ३३ वर्षांची, नागपूरला मानेवाड्यात राहते, प्रायव्हेट शाळेत शिकवते, पगार १८ हजार. मिस्टर बुटीबोरीला एका कंपनीत सुपरवायझर आहेत, त्यांच्या हातात ३४ येतात. लग्नाला सहा वर्षं झाली. तीनदा आययूआय (शुक्रजंतू नळीने गर्भाशयात सोडतात ते) केलं, राहिलं नाही. आता डॉक्टर आयव्हीएफच (टेस्ट ट्यूब बेबी) करा म्हणून राहिले. माझा एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ताची तपासणी) १.४ आहे, मिस्टरांचा शुक्रजंतूंचा काउंट थोडा कमी आला होता, त्यांना खर्र्याची सवय आहे. क्लिनिकच्या बोर्डावर ९९ हजार लिहिलंय, आत गेलो तर काउन्सेलर मॅडम म्हणाल्या दीड लाख धरा, आणि ओळखीतल्या एका बाईचे साडेतीन लाख गेले म्हणे. आमच्याकडे २ लाख ४० हजाराची एफडी आहे, थोडं सोनं आहे, उमरेड रोडला एक प्लॉट आहे. सासूबाई म्हणतात प्लॉट विका पण नातवाचं तोंड दाखवा. मिस्टर म्हणतात तिथंच ईएमआय मिळतो, करून टाकू. मला रात्र रात्र झोप नाही. नेमका किती खर्च येतो आणि तो कुठून काढायचा, तेवढं सांगा. नाव छापू नका."

बाळ, पहिले तर हे ऐक, तुला तीन ठिकाणी जे तीन आकडे सांगितले ना ते तिन्ही खरे असू शकतात. ९९ हजार म्हणजे नुसतं प्रोसिजरचं पॅकेज, बरेचदा इंजेक्शनं सोडून. दीड लाख म्हणजे इंजेक्शनं कमीत कमी लागतील असं धरून आणि सगळं पहिल्या झटक्यात नीट झालं तर. आणि त्या बाईंचे साडेतीन म्हणजे भ्रूण फ्रीझ करणं, दुसऱ्यांदा ट्रान्सफर म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, मधल्या तपासण्या, औषधं, जाणंयेणं, सगळं मिळून. मंगल कार्यालयाचं भाडं आणि लग्नाचा खर्च यात जेवढं अंतर असतं तेवढंच इथं आहे. बोर्डावर भाडं लिहितात, आपल्याला लग्न करायचं असतं.

मी डॉक्टर नाही. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे कोणतं इंजेक्शन, किती डोस हे तुझ्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण पैसा कुठून कुठं जातो हे मी जवळून पाहिलंय. आणि जे पाहिलं त्यावरून एकच गोष्ट तुला कळकळीने सांगायची आहे, की एका सायकलचा, म्हणजे इंजेक्शनांपासून ट्रान्सफरपर्यंतच्या एका फेरीचा, हिशोब करू नकोस. बाळ घरी येईपर्यंतचा कर, म्हणजे कमीत कमी दोन ट्रान्सफर आणि वर डिलिव्हरी. लोक काय करतात, असेल नसेल ते सगळं पहिल्या सायकलमधे घालतात, आणि ती गेली की हातात काही नसतं, ना पैसा ना हिंमत, आणि फ्रीझरमधे दोन चांगले भ्रूण असून ते ट्रान्सफर करायला पैसे नसतात. असे जोडपे काउंटरवर येऊन उभे राहायचे तेव्हा खूप वाईट वाटायचं, कारण त्यांचं काम खरं तर अर्धं झालेलं असायचं.

आता खर्च कशाकशाचा ते सांगते, थोडं लांबेल पण नीट वाच.

पाळीच्या दुसऱ्या तिसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू होतात, रोज, साधारण दहा बारा दिवस. त्यात चार पाच वेळा सोनोग्राफी, अंडी किती वाढली ते पाहायला. मग ट्रिगरचं इंजेक्शन, त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन अंडी काढतात, त्याला पिकअप म्हणतात. मग लॅबमधे फलन, काउंट कमी असला की बहुतेक ठिकाणी इक्सी करतात म्हणजे एकेका अंड्यात एकेक शुक्रजंतू सुईने सोडतात. मग पाच दिवस भ्रूण वाढवतात आणि मग एकतर लगेच ट्रान्सफर नाही तर फ्रीझ करून पुढच्या पाळीला. ट्रान्सफरनंतर बारा चौदा दिवसांनी रक्ताची बीटा टेस्ट, दिवस राहिले का ते पाहायला.

पॅकेजमधे साधारण पिकअप, भूल, लॅब, एक ट्रान्सफर एवढं असतं आणि नागपुरात त्याचे लाख ते दीड लाख धर. इंजेक्शनं बहुतेक वेगळी, आणि खरा घोळ इथंच होतो, कारण डोस बाईगणिक बदलतो, कोणाचं ४० हजारात भागतं तर कोणाचं ८० च्या वर जातं. तुझा एएमएच १.४ आहे, म्हणजे अगदी कमी नाही पण भरपूरही नाही, डोस थोडा जास्त लागू शकतो, तेव्हा तू वरचाच आकडा धरून चाल, वाचले तर चांगलंच. इक्सी पॅकेजमधे नसली तर तिचे वीस तीस हजार. फ्रीझिंगचे वेगळे, वर्षाचं भाडं वेगळं, आणि फ्रोझन ट्रान्सफर म्हटलं की औषधं धरून चाळीस पन्नास हजार. सुरू करायच्या आधी दोघांच्या एचआयव्ही, हिपॅटायटीस वगैरे तपासण्या होतात, कधी डॉक्टर हिस्टेरोस्कोपी (गर्भाशयात दुर्बीण घालून पाहणं) सांगतात, तिचे वीसेक हजार आणखी. एकूण एक पिकअप आणि एक ट्रान्सफर तुला दोन ते सव्वादोन लाखाला पडेल असं मी धरते, आणि फ्रोझन ट्रान्सफर लागलं तर पावणेतीन.

इंजेक्शनांबद्दल आणखी थोडं बोलते कारण इथं पैसे खरंच वाचतात. ही इंजेक्शनं मुख्यतः दोन प्रकारची, एक लॅबमधे बनवलेली रीकॉम्बिनंट, दुसरी एचएमजी, ती लघवीतून शुद्ध केलेली असतात आणि बरीच स्वस्त पडतात. दोन्हींची तुलना मोठ्या अभ्यासांत झालेली आहे, मूल होण्याच्या प्रमाणात विशेष फरक दिसला नाही. डॉक्टरांना सरळ विचार, "माझ्या केसमधे एचएमजीवर चालेल का?" लाजू नकोस, चांगला डॉक्टर कारण देऊन सांगतो, हो किंवा नाही. दुसरं म्हणजे औषधाचं नाव, कंपनी, युनिट, सगळं चिठ्ठीवर लिहून घे. हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्या अशी सक्ती नसते. गंजीपेठेत संदेश दवा बाजार आहे ना, तिथं मिस्टरांना एक चक्कर मारायला सांग, एमआरपी आणि हातात पडणारा भाव यात या इंजेक्शनांमधे बराच फरक असतो. आणि दवा बाजारातला भाव क्लिनिकच्या मेडिकलवाल्याला दाखवला तर तोही पुष्कळदा कमी करतो, मी समोर होताना पाहिलंय. बिल मात्र पक्कं घ्यायचं, बॅच नंबर आणि एक्स्पायरी पाहून.

पण आपलं नागपूर आहे, हे विसरू नकोस. यातली बरीच इंजेक्शनं २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागतात, त्या खोक्यावर लिहिलेलंच असतं. मे महिन्यात पंचेचाळीस तापमानात गंजीपेठेतून मानेवाड्यापर्यंत गाडीच्या डिक्कीत आणलं तर ते इंजेक्शन गेलं समज, आणि वरून कळतही नाही की गेलं. थर्मासचा छोटा डबा किंवा आइसबॉक्स, त्यात जेल पॅक, पॅकला इंजेक्शन थेट चिकटू द्यायचं नाही, मधे कापड, कारण गोठलं तरी खराब. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेव, दारात नाही, फ्रीझरमधे तर मुळीच नाही. फोलिक अॅसिड, लेट्रोझोल, मेटफॉर्मिन यासारख्या साध्या गोळ्या लिहून दिल्या तर जनऔषधी केंद्रात घे, तिथं फार स्वस्त पडतात.

आता एस्टिमेटचा कागद. तोंडी दीड लाखावर उठून यायचं नाही. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी २०२१ चा एआरटी कायदा आहे, जानेवारी २०२२ पासून लागू आहे, आणि त्यात क्लिनिकवर बंधन आहे की जोडप्याला उपचाराचे फायदे, तोटे, धोके, यशाची शक्यता आणि खर्च हे सगळं समजावून सांगायचं. म्हणजे तू विचारून काही उपकार मागून राहिली नाहीस. आयव्हीएफ करणाऱ्या क्लिनिकची लेव्हल दोनची नोंदणी लागते (लेव्हल एकवाल्याला फक्त आययूआय करता येतं), तिचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं का बघ, नसेल तर माग.

तो कागद हातात आला की खालची बारीक अक्षरं पहिले वाच, वरचा मोठा आकडा मागाहून. "औषधे वगळून", "एका ट्रान्सफरपुरते", "लॅब चार्जेस प्रत्यक्षाप्रमाणे", असलं काय काय तिथं असतं. मग काउन्सेलर मॅडमसमोर बसून एकेक विचार, आणि त्या जे बोलतील ते त्याच कागदावर पेनाने लिहून घे, की अंडी वाढलीच नाहीत आणि सायकल मधेच थांबवावी लागली तर किती परत, पिकअपला अंडी आलीच नाहीत किंवा भ्रूण बनलाच नाही तर ट्रान्सफरचे पैसे परत मिळतात का, इक्सी धरली आहे का, फ्रीझिंगचे किती भ्रूणांचे किती आणि दर वर्षाला किती, दुसऱ्या ट्रान्सफरला नुसतं प्रोसिजरचं किती आणि औषधं धरून किती, सोनोग्राफी दर वेळी वेगळी लावणार का, पिकअपनंतर पोट फुगून अॅडमिट व्हावं लागलं तर (त्याला ओएचएसएस म्हणतात, क्वचित होतं पण होतं) ते बिल कोणाचं. दोन क्लिनिकचे असे दोन कागद घे आणि घरी येऊन शेजारी शेजारी ठेव. रामदासपेठ धंतोली मिळून तुला चालत चालत दोन ओपिनियन मिळतील. तुझ्या तीन आययूआयची फाईल, एचएसजीची फिल्म (नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे), सगळे रिपोर्ट बरोबर ने, नाहीतर दुसऱ्या ठिकाणी सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात आणि दहा पंधरा हजार तिथंच जातात. फ्री शिबिराला गेलीस तरी हरकत नाही, फक्त त्याच दिवशी अॅडव्हान्स भरून यायचं नाही, "आजच बुक केलं तर वीस हजार डिस्काउंट" म्हटलं तरी.

मल्टी सायकलचं पॅकेज कोणी दिलं, म्हणजे तीन सायकल इतक्यात, नाही तर पैसे परत, तर तिथं सायकल कशाला म्हणतात ते विचार. फ्रोझन ट्रान्सफरलाही ते एक सायकल मोजत असतील तर तुझे तीन म्हणजे खरं तर एक पिकअप आणि तीन ट्रान्सफर. पहिल्यातच राहिलं तर उरलेले पैसे परत येत नाहीत, आणि परतीच्या अटी वयावर, एएमएचवर असतात, औषधं तर बाहेरच. तुझ्या वयाला, पहिल्या वेळेला, मी तरी एकेकाचेच पैसे भर म्हणेन.

मग ज्यादाच्या गोष्टी. पिकअप झालं की मन हळवं झालेलं असतं, तेव्हाच कोणीतरी म्हणतं, हे पण करून घ्या, चान्स वाढतो. गर्भाशयाचं स्क्रॅचिंग, ईआरए टेस्ट, पीआरपी, इंट्रालिपिडची सलाईन, अशी मोठी यादी आहे, आणि पहिल्या सायकलला, साध्या केसमधे, यातल्या बहुतेकांचा फायदा पक्का सिद्ध झालेला नाही. इंग्लंडची सरकारी नियामक संस्था आहे एचएफईए, ती अशा एकेका गोष्टीला पुराव्यावरून रेटिंग देते आणि त्यातल्या थोड्याच गोष्टींना चांगलं रेटिंग आहे. भ्रूणाची जेनेटिक टेस्टसुद्धा प्रत्येक भ्रूणामागे हजारोंनी वाढते, ती वय जास्त असेल किंवा गर्भ वारंवार पडत असेल तर विचार करण्यासारखी, तुझ्यासाठी काहून लागते ते डॉक्टरांनी नीट सांगितलं तरच. आणि कोणी दबक्या आवाजात जास्त पैसे घेऊन मुलगाच होईल असं म्हटलं तर तिथून उठून ये, तो १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे आणि नवीन कायद्यातही गुन्हा आहे. सासूबाई नातू म्हणतात म्हणून हे लिहिलं, त्यांच्या मनात तसं नसेलही.

इन्शुरन्सचं सांगते. आपल्या साध्या मेडिक्लेम पॉलिसीत वंध्यत्वाचा उपचार वगळलेला असतो, तो विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या ठरलेल्या वगळणुकींच्या यादीतच आहे, कोड १७, पॉलिसीच्या कागदात मागच्या पानांवर सापडेल. काही नव्या पॉलिसींत कव्हर मिळतं पण दोन तीन वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे आता घेऊन तुला उपयोग नाही. आयुष्मान कार्डवरही हे बसत नाही. पण कंपनीची ग्रुप पॉलिसी वेगळी असते, काही कंपन्या त्यात आयव्हीएफसाठी थोडीफार रक्कम ठेवतात, मॅटर्निटी तर पुष्कळ ठिकाणी पहिल्या दिवसापासून असते. मिस्टरांना त्यांच्या पॉलिसीचा पूर्ण कागद मागायला सांग, नुसतं कार्ड नाही. (वाचणाऱ्यांपैकी कोणी सीजीएचएसवाले, म्हणजे केंद्र सरकारी आरोग्य योजनेतले, असतील तर तिथं अटी पाळून आणि आधी परवानगी घेऊन मर्यादित रक्कम परत मिळते, सेमिनरी हिल्सच्या ऑफिसांत नोकरी करणाऱ्या कितीतरी जणींना हे माहीतच नसतं.)

सरकारीत करायचं म्हटलं तर राज्य सरकारचं आयव्हीएफ सेंटर मुंबईला कामा हॉस्पिटलमधे २०२४ मधे सुरू झालं, पण तिथं दोन तीन आठवडे राहायचं, खायचं, दोघांच्या सुट्ट्या, हे धरलं की तुमच्यासारख्यांचा फायदा कमी होतो. मात्र तपासण्या, थायरॉईड, साधी सोनोग्राफी, यासाठी सरकारी मेडिकल कॉलेज, बायकांचं सरकारी डागा हॉस्पिटल, मिहानचं एम्स इथल्या ओपीडीत जायला काहीच कमीपणा नाही, रांग असते पण पैसा वाचतो.

आता तुझ्या घरचं. तुम्हा दोघांचे मिळून ५२ हजार येतात, भाडं नाही. तू पत्र डिसेंबरात लिहिलंस. माझा सल्ला आहे की मे महिन्यात सुरू करायचं असं धरून चाला, पण पहिले डॉक्टरांना विचारून, की माझं वय, माझा एएमएच बघता पाच महिने थांबलं तर चालेल का. तेहतिसाव्या वर्षी पाच महिन्यांनी सहसा बिघडत नाही, दोन तीन वर्षं थांबणं मात्र नको, पस्तिशीनंतर अंड्यांची संख्या आणि दर्जा दोन्ही वेगाने उतरतात. मे म्हणायचं कारण तुझी शाळा. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोपर्यंत इंजेक्शनं, सोनोग्राफ्या, पिकअप, ट्रान्सफर सगळं सुट्टीत उरकतं, पगार कापला जात नाही आणि स्टाफरूममधे कोणाला काही सांगावं लागत नाही. ट्रान्सफरनंतर महिनाभर पलंगावर पडून राहावं लागतं म्हणून कितीतरी जणी नोकरी सोडतात गं, त्याची गरज नसते, पडून राहिल्याने दिवस राहण्याची शक्यता वाढत नाही हे अभ्यासांत दिसलेलं आहे. डॉक्टरांनी तुझ्यापुरतं काही वेगळं सांगितलं तर ते ऐक, पण भीतीपोटी १८ हजाराची नोकरी सोडू नकोस, तो पगार या बजेटचा एक खांब आहे.

डिसेंबर ते एप्रिल महिन्याला १६ हजार बाजूला पडले तर ८० हजार होतात, एफडी धरून ३ लाख २० हजार. त्यातले सव्वादोन पहिल्या पिकअप ट्रान्सफरला. पंचेचाळीस फ्रोझन ट्रान्सफरला, ते वेगळ्या खात्यात टाक, पहिल्या फेरीत हात लावायचा नाही. उरलेले पन्नास डिलिव्हरीचे, आणि राहिल्यावर नऊ महिने त्यात भर टाकत जायची. डिलिव्हरीचा पैसा लोक विसरतातच. राहिल्यावर पहिले तीन महिने प्रोजेस्टेरॉन चालतं, सोनोग्राफ्या जास्त, सिझेरियनचं प्रमाण जास्त. आणि जुळे असले तर पोरं लवकर येतात, काचेच्या पेटीत ठेवावी लागतात आणि त्या एनआयसीयूचं बिल दिवसावर असतं, तो आकडा पूर्ण आयव्हीएफपेक्षा मोठा झालेला मी स्वतः टाईप केलेला आहे. म्हणून एका वेळी एकच भ्रूण सोडायचा का, हे डॉक्टरांशी नक्की बोल. दोन सोडले की पैसे वसूल असं घरच्यांना वाटतं, तब्येतीला आणि खिशाला दोन्हीला ते महागात पडू शकतं.

हे पाच महिने नुसते पैसे जमवायचे नाहीत, आणि आता मिस्टरांनी हे स्वतः वाचावं. भाऊ, शुक्रजंतू तयार व्हायला अडीच तीन महिने लागतात. तंबाखूने त्यांची संख्या, हालचाल, दर्जा सगळंच उतरतं. म्हणजे आज खर्रा सोडलात तर मार्च एप्रिलच्या रिपोर्टला फरक दिसू शकतो, आणि काउंट सुधारला तर कदाचित इक्सीचा खर्चही वाचेल. एक खर्रा चाळीसचा धरला आणि दिवसाचे तीन, तर महिन्याचे साडेतीन हजार होतात, मे पर्यंत अठरा हजार, तेवढ्यात फ्रीझिंगचे पैसे निघतात. एकट्याने सुटत नसेल तर सरकारी डेंटल कॉलेजला जा, तिथं तंबाखू सोडवायला मदत करतात. एकाच रिपोर्टवर काउंट कमी ठरवायचा नसतो, पुन्हा तपासायचा, आणि तपासणीच्या आधी तीन ते पाच दिवस संबंध ठेवायचा नाही, ती तपासणी काही शेकड्यांत होते. सहा वर्षं बायकोच्या रक्ताच्या तपासण्या चालून राहिल्या, तुमची एकदाच झाली, हे मला खटकलं, म्हणून स्पष्ट लिहिलं.

ईएमआयचं. दोन लाख, चौदा टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साडेनऊ हजाराच्या वर जातो आणि एकूण तीसेक हजार व्याज. नो कॉस्ट म्हणतात तिथं प्रोसेसिंग फी असते, आणि रोख भरणाऱ्याला जे कमी करून देतात ते तुम्हाला मिळत नाही. पण व्याजापेक्षा मोठी गोष्ट अशी की सायकल गेली तरी दर महिन्याच्या पाच तारखेला तो हप्ता कापला जाणार, आणि त्यामुळेच दुसरा प्रयत्न अडतो. पहिल्या फेरीला कर्ज नको. दुसऱ्या पिकअपची वेळ आलीच तर सोनं बँकेत ठेवून गोल्ड लोन घे, पर्सनल लोनपेक्षा व्याज कमी असतं आणि दागिना घरचाच राहतो. कोपऱ्यावरच्या सावकाराकडे नाही, बँकेतच.

प्लॉट आता विकायचा नाही. घाईत प्लॉट विकला की घेणाऱ्याला लगेच कळतं की यांना गरज आहे, आणि उमरेड रोडसारख्या ठिकाणी भाव पाडून मागतात. सातबारा, आरएल (लेआउटचं रिलीज लेटर), रजिस्ट्री यात दोन तीन महिने जातात ते वेगळेच. तो शेवटचा आधार राहू दे.

आणि थांबायचं कुठं हे आधीच ठरवा, इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी, दोघांनी शांतपणे बसून. पस्तिशीच्या आतल्या बाईला एका ट्रान्सफरमधे मूल होण्याची शक्यता साधारण तीनात एक. म्हणजे पहिल्याला न राहणं हे जास्त वेळा होतं, त्यात तुझा दोष नसतो, आणि दोन तीन ट्रान्सफरपर्यंत पुष्कळ जणींचं होतं. मी तुझ्या जागी दोन पिकअप आणि साडेचार लाख अशी रेघ मारली असती, तुमची रेघ तुम्ही ठरवा, पण आकडा लिहून तारीख टाकून दोघांनी सही करा. निगेटिव्ह रिपोर्ट हातात असताना हा आकडा ठरवता येत नाही, तेव्हा माणूस काहीही विकायला तयार होतो.

सासूबाईंना सगळं सांगू नकोस पण अंधारातही ठेवू नकोस. प्लॉट विका म्हणणारी सासू वाईट मनाची नाही, तिला रस्ता माहीत नाही एवढंच. मिस्टरांनी सांगायचं, तू नाही, की "आई, मे मधे सुरू करून राहिलो, पैसा जमतोय, प्लॉट लागला तर मी स्वतः येऊन सांगीन." काउंटचा विषय घरात काढायचा की नाही हे मिस्टरांवर सोड, पण दोष तुझ्यावर ढकलला जात असेल तर त्यांनी तोंड उघडलं पाहिजे, हे मात्र तू त्यांना ठणकावून सांग. आणि कोणाकोणाची काढ्याची पुडी, गावाकडचं औषध आणून देतात ना, ते इंजेक्शनांच्या काळात घ्यायचं नाही, त्यात काय असतं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

या आठवड्यात दोनच कामं कर. मिस्टरांच्या एचआरला मेल, ग्रुप पॉलिसीचा पूर्ण कागद पाठवा म्हणून, कारण बऱ्याच कंपन्यांची पॉलिसी एप्रिलमधे नवीन होते आणि काही वाढवून घ्यायचं असेल तर आत्ताच बोलावं लागतं. आणि शनिवारी शाळा सुटल्यावर क्लिनिकमधे जाऊन लेखी एस्टिमेट माग, औषधांसकट आणि औषधांशिवाय, दोन्ही.